दिवसा लिहिलेली कहाणी

रोहण्याच्या पंचफुलेने रामाच्या नावाशिवाय आणि दिवसाच्या एखाद्या ओळीशिवाय दुसरं काही लिहायला घेतलं ते ऐन तिशीत, आणि घेतलं तेव्हा ‘श्री’ची वेलांटी पार कागदाच्या कडेला जाऊन टेकली. देवाचं नाव लिहिलेला कागद फाडता येत नाही, म्हणून तो देवघरात गेला. दुसऱ्या कागदावर ‘श्री’ नीट उमटली, पण तिच्यापुढे काही येईना. तोही देवघरात गेला. असं होता होता देवांच्या पाटाखाली कागदांची चळत साठली, प्रत्येकावर एकच अक्षर, आणि पुस्तक होतं तिथंच होतं.

पुस्तक हा शब्दसुद्धा ती मोठ्याने म्हणत नसे. ‘ते लिहायचं आहे’ एवढंच म्हणे. काही घरांत मोठ्या आजाराचं नाव घेत नाहीत, तसं.

तिचं माहेर समुद्रपूरकडचं. शाळेत तिला कोणी घातलं नाही, पण थोरला भाऊ श्रावण शाळेतून आला की वांग्याच्या ओल्या वाफ्यात काडीने अक्षरं काढायचा आणि तिला बोटाने गिरवायला लावायचा. पाटाचं पाणी सोडलं की धडा वाहून जायचा, म्हणून तिला घाईघाईने शिकायची सवय लागली. पुढे लग्न होऊन ती रोहण्याला रूपरावांच्या घरी आली. तिथेही भाजीपाल्याचीच बाडी होती. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, मुळे. सकाळची आंघोळ झाली की तुळशीला पाणी, देवाला दिवा आणि वहीत एक पान रामनाम. पानाखाली जागा उरली तर दिवसाची एखादी ओळ. ‘आज मेथी काढली.’ ‘आत्याबाईंचा गुडघा दुखतो.’ ‘एकादशी, उपास घडला.’ तिचं लिहिणं ते एवढंच. रामाचं नाव लिहिताना चुकायची भीती नव्हती. ते उलटं म्हटलं तरी तारतं, असं तिने कीर्तनात ऐकलं होतं. बाकीच्या शब्दांची तशी खात्री कोणी दिली नव्हती.

कहाण्या मात्र तिच्या जिभेवर. गावात कोणाचं व्रत असो की उद्यापन, दिवे लागले की बायका मुठीत ज्वारीचे दाणे घेऊन बसत आणि पंचफुलेला पुढे करत. एक बाई ‘हूं’ म्हणायला नेमलेली असे. सांगणारीने श्वास घेतला की तिने ‘हूं’ म्हणायचं, मग कहाणी पुढे सरकायची. ‘हूं’ थांबलं की बैल सुटलेल्या मोटेसारखी कहाणी जागच्या जागी उभी.

सत्तावन्न सालच्या संक्रांतीनंतर अशाच एका बैठकीला ग्रामसेविका विमलाबाई मागे येऊन बसल्या. त्या वर्ध्याच्या. गावात बायकांचा साक्षरतेचा वर्ग घ्यायच्या, दुपारी, कारण बायकांना दुसरी वेळच नव्हती. वर्गातल्या बायकांना अक्षरं आली होती, पण वाचायला काही नव्हतं. एकच अंकलिपी सगळ्यांनी पाठ केली होती आणि पुस्तक उलटं धरलं तरी घडाघडा वाचत होत्या. कहाणी संपल्यावर विमलाबाईंनी पंचफुलेचा हात धरला.

“पंचफुलाबाई, हे लिहून काढा. मी वर्ध्याला देते. वर्गांसाठी छोटं पुस्तक छापतील. वर तुमचं नाव.”

“माझं नाव कायले, बाई?”

“लिहिणाराचं नाव छापतातच.”

रूपरावांनी ऐकलं तेव्हा ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, “आपल्या चिंधूची माय पुस्तक लिहून राह्यली म्हणे. वांग्याले कीड लागली तेबी लिहिजो त्यात.” पण बाजारातून येताना त्यांनी आखीव कागदांचा दस्ता आणि टाक आणून ओसरीवर ठेवला, आणि तेव्हापासून पाटाखाली ‘श्री’ साठू लागल्या.

चेष्टेवारी नेण्यासारखी ती गोष्ट नव्हती. पहिली कहाणी लिहायची ती विहिरीतल्या सात आसरांची, पाण्याच्या देवींची, असं तिने मनाशी ठरवलं होतं, आणि आसरांशी तिचा व्यवहार साधा नव्हता. दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. तिसरं झालं तेव्हा दृष्ट लागू नये म्हणून नाव ठेवलं चिंधू, आणि बाडीतल्या विहिरीवर जाऊन ती आसरांना नवस बोलली की लेकरू जगलं तर जावळ तुमच्यासमोर, त्याच्या मामाच्या मांडीवर काढीन. चिंधूला तिसरं वर्ष लागलं होतं. केस मानेवर रुळत होते. जावळाचा दिवस माघातल्या गुरुवारचा धरला होता आणि हिंगणघाटच्या गिरणीत कामाला असलेल्या श्रावणचं कार्ड आलं होतं, मंगळवारच्या पुलगाव-आर्वी छोट्या गाडीने येतो. त्यात विमलाबाईंचा निरोप आला, शुक्रवारी मी वर्ध्याला निघते, जेवढं झालं असेल तेवढं द्या.

जेवढं झालं असेल तेवढं म्हणजे देवाच्या पाटाखालच्या नुसत्या ‘श्री’.

सोमवारी दुपारी ती ओसरीवर बसली. रूपराव वावरात गेले होते, सासू शकुबाई शेजारी गेल्या होत्या. चिंधू पुढ्यात वाटाण्याच्या शेंगा सोलत, म्हणजे चिरडत, बसला होता. पंचफुलेने ‘श्री’ काढली आणि नेहमीसारखी थांबली. ‘ऐका’ म्हणून लिहावं तर कोणाला? कागद मुठीत दाणे धरत नाही. कागद ‘हूं’ म्हणत नाही. टाकाच्या टोकावर शाईचा थेंब जमून लोंबू लागला, तेव्हा तो कागदावर पडेल या धास्तीने ती सवयीप्रमाणे अर्ध्या आवाजात बोलून गेली.

“एक होता बागवान. त्याले सात सुना.”

“हूं,” चिंधू म्हणाला.

बायकांमध्ये मांडीवर बसून त्याने ते ऐकलं होतं, एवढंच. पण टाक चालायला लागला. ती एक वाक्य पुटपुटायची, चिंधू शेंग चावत ‘हूं’ म्हणायचा, आणि ते वाक्य कागदावर उतरायचं. बागवानाची विहीर आटली. बाडी करपली. पाणी का रुसलं ते आसरांना विचारायला विहिरीत उतरायचं कोणी, यावरून सहा थोरल्या जावांनी एकमेकींकडे बोट दाखवलं. धाकटी म्हणाली, मी उतरते. पान भरलं. पंचफुलेने ते वाळत घातलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि तिला वाटलं की आपल्याला ताप तर नाही आला.

तेवढ्यात शकुबाई आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

“काय पुटपुटून राह्यली वो?”

“कहाणी लिहून राह्यली, आत्याबाई.”

“दिवसा?”

“लिहून राह्यली. सांगून नाई राह्यली.”

“मंग तोंड काऊन हालते तुयं? अन् हे लेकरू ‘हूं’ म्हणून राह्यलं ते का मले आयकू नाई येत? दिवसा कहाणी सांगतली का मामा वाट चुकते, एवढं माहीत नाई तुले?”

लहानपणापासून माहीत होतं. दिवसा गोष्ट मागितली की सगळ्या आया हेच सांगायच्या. पण त्या घटकेला पंचफुलेच्या अंगात पान भरल्याचं वारं होतं.

“माया मामा कवाचाच देवाघरी गेला, आत्याबाई. आता तो कुठची वाट चुकन?”

शकुबाई हसल्या. “तोंड लय चालाले लागलं पुस्तकवालीचं,” म्हणाल्या आणि मिरच्यांची देठं काढायला बसल्या. विषय तिथंच मिटला.

मंगळवारी दुपारी रूपराव पाहुण्याला आणायला ठेसनावर गेले. पंचफुलेने पुरणाची डाळ शिजत ठेवली आणि तेवढ्या वेळात टाक उचलला. धाकटी सून पदर खोचून विहिरीच्या पायऱ्या उतरू लागली होती. वर उजेड, खाली अंधार, एकेक पायरी गार. दूर छोट्या गाडीची शिटी झाली. हे वाक्य झालं की उठते, पंचफुला म्हणाली. “हूं,” चिंधू म्हणाला. गाडी थांबली, पुन्हा शिटी देऊन आर्वीकडे गेली, तरी ते वाक्य संपलं नव्हतं. डाळ खाली लागल्याचा वास आला तेव्हा ती धावली.

रूपराव एकटेच परत आले.

“गाडी आली, पाहुणा नाई आला.”

“म्हंजे?”

“म्हंजे उतरला नाई. मी डबे पाहले. गिरणीत सुटी नसन भेटली.”

“सुटी भेटली असं कार्डात लिहिलं होतं ना, जी.”

“मंग उद्या येईन. तू काऊन घाबरून राह्यली?”

ती घाबरली नव्हती, अजून नव्हती. शकुबाई मात्र चिंधूकडे पाहत होत्या. त्या सहज म्हणाव्या तशा म्हणाल्या, “याचा मामा आहे ना तो.”

पंचफुलेचे हात करपलेल्या डाळीत तसेच राहिले. आपला मामा नाही, कबूल. पण कहाणी ऐकली कोणी? ‘हूं’ कोणी दिला? ज्याने ऐकली त्याच्या मामाची वाट चुकते. आणि त्याचा मामा नेमका त्याच वेळी वाटेवर होता, गाडीत बसलेला, शिटी वाजली तेव्हा गावाच्या शिवेवर. ती तेव्हा काय करत होती? एका बाईला विहिरीत उतरवत होती.

बुधवारी सकाळी रामनामाचं पान लिहिताना दोनदा चूक झाली. त्या नावात चूक होत नाही, यावरचा तिचा विश्वासही मग थोडा हलला. गिरणीत काही झालं असेल. पट्ट्यात हात गेला असेल. नाहीतर वर्ध्याच्या ठेसनावर, त्या गर्दीत. श्रावणसारखा माणूस, पुलगावला गाडी बदलायची त्याला तोंडपाठ. तो चुकेल कसा? चुकेल, चुकवली तर.

दुपारच्या आधी धुरपता भाजी न्यायला आली. पलीकडच्या वस्तीतली, वर्गातली सगळ्यांत हुशार बाई. गेल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेली. मेथीच्या जुड्या टोपलीत रचता रचता तिने पंचफुलेच्या तोंडाकडे पाहिलं.

“काय झालं वो? पुस्तक अडलं का?”

पंचफुलेने सगळं सांगितलं. धुरपताने जुडी हातात धरून नीट ऐकून घेतलं.

“आम्ही आता असलं मानत नाई, पंचफुलाबाई,” ती म्हणाली. “पण तू सकाळपासून जेवली नाईस, हे त दिसून राह्यलं. भाऊ येईपर्यंत मेली म्हंजे त्याले कोण ओवाळन?” मग टोपली डोक्यावर घेताना वळून म्हणाली, “अन् ते धाकटी इहिरीत उतरली, मंग पुढं काय झालं?”

धाकटी अजून तिथंच होती. अर्ध्या पायऱ्यांवर, एक पाय वर, एक खाली, कालपासून.

बुधवारची गाडीही येऊन गेली. रूपराव रिकामे परत आले आणि या वेळी त्यांनी गिरणीचं नाव काढलं नाही. पंचफुला सासूजवळ जाऊन बसली.

“आत्याबाई, अर्धी कहाणी ठेवली त काय होते?”

“ज्याची वाट चुकली तो अर्ध्यात राह्यते.”

“अन् पुरी केली त?”

“सांगतलेली असती त सांगतलं असतं तुले. लिहिलेलीचं मले काय माहीत, बाई? आमच्या वेळेले कोणी लिहीत नोतं.”

त्या दिवशी दिवेलागणीला पंचफुलेने पाटाखालून पानं काढली, सूप भरून ज्वारी घेतली आणि सासूला हाताला धरून विहिरीवर नेलं. कंदील काठावर ठेवला. शकुबाईंच्या मुठीत दाणे दिले. “वाचतो मी. तुम्ही हूं द्या. आजच पुरी कराची.”

आपलंच लिहिलेलं ती पहिल्यांदा मोठ्याने वाचत होती. वाचताना तिला वाटलं, हे कोणी दुसऱ्याच शहाण्या बाईने लिहिलं आहे. आणि लगेच त्या वाटण्याची भीती वाटली. पानं संपली तिथून ती तोंडाने सांगू लागली. धाकटी तळाशी पोचली. सात आसरा ओले केस विंचरत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, तू खाली आलीस, पण वर तुझं कोण आहे? धाकटीने वर पाहिलं. विहिरीच्या तोंडाशी एकही डोकं नव्हतं. सहाही जावा घरी निघून गेल्या होत्या. तिने हाक मारली. कोणी ओ दिली नाही. तेव्हा आसराच म्हणाल्या, ‘हूं.’ पाणी त्या आवाजाबरोबर वर चढलं आणि तिला काठावर घेऊन आलं. म्हणून कोणत्याही विहिरीत हाक मारा, ती ओ देते.

“हूं,” शकुबाई म्हणाल्या आणि दाणे पाण्यात सोडले.

पंचफुला काठावरून वाकली. “दादा!” तिने हाक मारली. विहिरीने ओ दिली. दुसरं कोणी आलं नाही.

गुरुवारी जावळ. कवडू न्हावी वस्तरा परजून चिंचेखाली बसला, शेजारणी जमल्या, पाटाभोवती रांगोळी झाली, आणि मामाचा पाट रिकामा. रूपराव तिच्या कानाशी आले.

“माया चुलतसाळा आला आहे विरूळहून. मामाच तोबी. त्याच्या मांडीवर बसवू.”

“नाई.”

“अवो, लोकं थांबले आहेत.”

“आसराले मी श्रावण बोलली होती, जी. दुसरा मामा नाई चालत. मी थांबतो.”

ती थांबली. कवडूने दोनदा तंबाखू मळली. ऊन पाटावर आलं तेव्हा लोहमार्गाच्या बाजूने एक माणूस येताना दिसला, बुटांवर धूळ, डोळे लालबुंद, हातात पिशवी. विहिरीजवळ बसलेल्या शकुबाईंनी त्याला आधी गाठलं.

“कुठी मेला होता रे, श्रावण? इकडं तुई बहीण अर्धी झाली. ही मनते, मीनं दिवसा कहाणी लिहिली म्हणून दादा वाट चुकला. काल दिवे लागल्यावर पुरी केली, तवा घोटभर पाणी घेतलं तिनं.”

श्रावणने पिशवी खाली ठेवली. टोपी काढून डोकं खाजवलं. बहिणीकडे पाहिलं, ती पाटाजवळून धावत येत होती.

“काय सांगू, मावशी,” तो हळूच म्हणाला, “तसंच झालं. मंगळवारी गाडीत बसलो, खिडकीतून पाहून राह्यलो. विरूळ गेलं, अन् एकदम आर्वी! मधातलं रोहणं आलंच नाई. झोप नोती लागली बरं, डोळे उघडे होते. बुधवारी परतीच्या गाडीत बसलो, त सरळ पुलगाव! पुन्हा रोहणं गायब. काल दिवे लागले तवा कसं डोक्यातलं धुकं निघून गेलं. मनलं, आता गाडीचा भरोसा नाई. रुळारुळानं पायी चालत आलो.”

पंचफुला मधेच थबकली होती. तिने प्रत्येक शब्द ऐकला.

“दुपारी?” तिने विचारलं. “मंगळवारी दुपारीच ना, दादा?”

“दुपारीच.”

रूपराव मान वळवून कवडूला म्हणाले, “पुलगावले दंडारीचा खेळ होता म्हणे, दोन रात्री. नागपूरकडची मंडळी आलती.” कवडू वस्तऱ्याकडे पाहत हसला. पंचफुलेने ते ऐकलं नाही.

चिंधू मामाच्या मांडीवर बसला, रडला, बोडका झाला. केस कणकेच्या गोळ्यात घालून आसरांना वाहिले. नवस फिटला. बायका पुरणपोळी जेवून गेल्या. आणि त्या दिवसभर पंचफुला मोकळी होण्याऐवजी अधिकच आक्रसत गेली, इतकी की शकुबाईंनी तिची दृष्ट काढली.

शुक्रवारी सकाळी विमलाबाई आल्या. पुरी झालेली कहाणी पंचफुलेने आदल्या रात्री लिहून काढली होती, तोंड घट्ट मिटून. ती पानं तिने छातीशी धरली होती आणि ती देईना.

“काय झालं? पुरी झाली आहे ना? द्या की.”

“बाई, हे छापलं म्हंजे कुठी कुठी जाईन?”

“जिथे जिथे वर्ग आहेत तिथे. आर्वीकडे, हिंगणघाटकडे, सगळीकडे.”

“अन् वर्ग कवा भरते?”

“दुपारी. तुम्हाला माहीत आहे.”

“मंग तेच त!” पंचफुलेच्या डोळ्यांत पाणी आलं. “मी एकटीनं लिहिली त एक मामा हरवला. अन् या सगळ्या बाया दिवसा वाचतीन, मोठ्यानं वाचतीन, लेकरं मांडीवर घेऊन. बाई, किती मामा हरवतीन? त्यांच्यातले सगळेच परत येतीन का? अन् वर नाव कोणाचं? मायं!”

विमलाबाईंना हसू आलं होतं, पण तिचा चेहरा पाहून त्यांनी ते आवरलं. “संध्याकाळी वाचा, असं लिहू का पहिल्या पानावर?”

“संध्याकाळी कोण्या बाईले सवड आहे, बाई? मलेच नाई.”

ओसरीच्या टोकाला श्रावण दात घासत बसला होता. तो उठून आला, चूळ भरली, आणि जमिनीकडे पाहत म्हणाला, “फुले, मी वाट नोतो चुकलो.”

“काय म्हणतं?”

“दंडार पाहून राह्यलो होतो पुलगावले. दोन रात्री. दोस्त भेटले, त्यायनं धरून ठेवलं. रोहणं-बिहणं काही गायब नाई झालं. मावशीनं कहाणीचं सांगतलं, मले बहाणा सापडला, मी तोच ठोकून देला. चुकलं मायं. घे, आता दे पानं बाईले.”

पंचफुलेने त्याच्याकडे पाहिलं. त्याचे अजून तारवटलेले डोळे, ओसरीखाली काढून ठेवलेले धुळीचे बूट. मग तिने पदराने डोळे पुसले.

“तू लहानपणापासून असाच,” ती म्हणाली. “वाफ्यातला धडा पुसला त मनायचा, मीच पुसला फुले, पाण्यानं नाई. मले रडू येऊ नये म्हणून. आताबी तेच करून राह्यला.”

“अवो, खरं सांगून राह्यलो! जावईबापूले विचार!”

“त्यायलेबी तूच पढवलं असन.”

श्रावणने विमलाबाईंकडे पाहिलं. विमलाबाईंनी आपल्या झोळीकडे पाहिलं. मोटार निघायला अजून थोडा वेळ आहे, असं त्या म्हणाल्या.

पंचफुला उठली. देवाच्या पाटाखालून तिने ‘श्री’ लिहिलेल्या कागदांतला सगळ्यांत वरचा काढला, कहाणीच्या आधी लावायला. ज्वारीच्या कणगीत हात घालून मूठ भरली, ती श्रावणच्या हातात दिली, त्याला आपल्या समोर उंबऱ्यावर बसवलं आणि बोडका चिंधू त्याच्या मांडीवर ठेवला. त्याच्या धोतराचा सोगा तिने स्वतःच्या गुडघ्याखाली दाबून धरला.

“हे काय वो?”

“मामा डोयासमोर असला म्हंजे हरवत नाई. बस. हूं दे.”

मग बाहेर लख्ख ऊन असताना तिने टाक बुडवला. आता सुरुवात कोणाला उद्देशून करायची, हे विचारत बसायची गरजच उरली नव्हती. कोणासाठी लिहायचं आहे ते तिला नेमकं कळत होतं, आणि त्या माणसांची तोंडंही दिसत होती. कोणी बैलगाडीत, कोणी गाडीच्या खिडकीशी, कोणी पायवाटेवर, सगळ्यांच्या हातात भाच्यासाठी काहीतरी बांधून घेतलेलं. ती मोठ्याने म्हणत म्हणत लिहू लागली.

“आसरामाय. ज्या घरी ही कहाणी दिवसा वाचली जाईल, त्या घरच्या मामाला वाट दाखव. तो निघाला असेल तर त्याला पोचव. निघाला नसेल तर त्याला घरीच थांबव.”

“हूं,” श्रावण म्हणाला.

“हूं,” चिंधू म्हणाला.

“तो नदीत उतरला असेल तर पाण्याला सांग. गाडीत बसला असेल तर त्याला त्याचं गाव दिसू दे. वाचणाऱ्या बाईवर राग धरू नको, तिला दुसरी वेळ नाही. लिहिणारीवर धरायचा तर धर.”

या वेळी ‘हूं’ यायला वेळ लागला. पंचफुलेने घाबरून वर पाहिलं. श्रावण तिथंच होता. नुसता घसा साफ करत होता.

“हूं,” तो म्हणाला.

विमलाबाईंनी पानं घ्यायला हात पुढे केला. श्रावणनेही चिंधूला खाली ठेवलं आणि तंबाखूच्या चंचीसाठी उठू लागला. पंचफुलेने त्याचा सोगा आणखी घट्ट ओढला.

“बस दादा,” ती म्हणाली. “अजून नाव लिहाचं राह्यलं.”